डे-एंडला दोन तास: पतसंस्थेचं स्टोरेज हळू का, ते शोधताना

व्हर्च्युअल मशीन (एकाच सर्व्हरवर चालणारे आभासी कॉम्प्युटर) रांगतायत, त्यांच्या डिस्क नेटवर्कवरच्या स्टोरेजमध्ये आहेत, व्हेंडर म्हणतो नवीन स्विच घ्या आणि अकाउंटंट म्हणतो बजेट संपलं. अशा पेचात जे कोणी असतील त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितोय. मला शोधताना जी माहिती सापडली ती बहुतेक मोठ्या डेटा सेंटरवाल्यांची होती. तीन डबे, एक स्विच आणि समुद्राकडची खिडकी असलेल्या खोलीबद्दल कोणी फारसं लिहीत नाही.

मी रत्नागिरीत कॉम्प्युटर, प्रिंटर, सीसीटीव्हीची वार्षिक देखभाल करतो. त्यात एक पतसंस्था आहे. मुख्य कार्यालय मिरकरवाड्याच्या बाजूला, आणि जिल्ह्यात सहा शाखा. तिथले काउंटरवरचे पीसी माझ्याकडे, सर्व्हर मात्र बाहेरच्या एका व्हेंडरकडे. दिवाळी २०२३ नंतर त्यांनी जुना एकुलता सर्व्हर काढून नवी मांडणी केली होती. दोन सर्व्हर, दोन्हींवर प्रॉक्समॉक्स, म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणारं सॉफ्टवेअर. तिसरा डबा फक्त स्टोरेजचा. त्यात ४ टीबीच्या सहा हार्ड डिस्क, झेडएफएस या फाइल सिस्टिमच्या रेडझेड-२ पद्धतीने, म्हणजे दोन डिस्क मेल्या तरी डेटा शाबूत. हे स्टोरेज एनएफएसने (नेटवर्कवरून फाइल वापरायच्या पद्धतीने) दोन्ही सर्व्हरना जोडलेलं, मधे एक गिगाबिट स्विच. एक सर्व्हर बंद पडला तर त्याच्यावरची मशीन दुसऱ्यावर उठवता यावीत ही त्यामागची कल्पना. कल्पना चांगली होती, आजही तीच मांडणी आहे.

जुन्या सर्व्हरवर डे-एंड, म्हणजे दिवसाचे व्यवहार बंद करून हिशेब पक्का करायचं काम, वीस-पंचवीस मिनिटांत उरकायचा. नव्यावर आल्यावर तो सव्वा तासाच्या पुढे गेला. स्टाफने महिनाभर ‘नवीन आहे, बसेल हळूहळू’ म्हणून ओढलं. जानेवारीत तो पावणेदोन-दोन तासांवर गेला आणि लांज्याकडून येणाऱ्या दोघींची शेवटची एसटी चुकायला लागली. व्हेंडरने आधी ‘तुमचं इंटरनेट स्लो आहे’ सांगितलं (डे-एंडचा इंटरनेटशी काही संबंध नाही), मग दहा गिगाबिटचा स्विच, कार्डं आणि केबल यांचं २,८५,००० रुपयांचं दरपत्रक पाठवलं. वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३,३६,३००.

२९ जानेवारीला मॅनेजर मॅडमचा फोन आला. “अहो, तुम्ही एकदा बघून सांगता का? संचालक मंडळासमोर सव्वातीन लाखांचा विषय न्यायचा तर मला दोन वाक्यं तरी बोलता आली पाहिजेत.”

बघायचं तर रूट पासवर्ड (सर्व्हरचे सगळे अधिकार देणारा) हवा. तो तिजोरीत, सीलबंद पाकिटात, आणि तिजोरीच्या दोन किल्ल्या दोघांकडे. पाकीट उघडायचं तर चेअरमनांचं पत्र, रजिस्टरला नोंद, काम झाल्यावर नवा पासवर्ड नव्या पाकिटात घालून पुन्हा सील. पतसंस्थेत ही शिस्त असायलाच हवी, पण चेअरमन साहेब लग्नांच्या निमित्ताने देवरुखला होते, त्यामुळे सही मिळेपर्यंत ९ फेब्रुवारी उजाडली. व्हेंडरचा आक्षेप वेगळाच: बाहेरच्याने हात लावला तर वॉरंटी जाईल. मी मॅडमना सांगितलं, व्हेंडरला एक ईमेल पाठवा, की फक्त मोजणी होईल, सेटिंग बदलायचं झालं तर आधी कळवू. त्यावर ‘ठीक आहे’ असं दोन शब्दांचं उत्तर आलं. ते उत्तर प्रिंट काढून फाइलला लावलं. तुम्हीही लावा, पुढे उपयोगी पडतं.

१० फेब्रुवारी, दुसरा शनिवार, काउंटर बंद. पहिल्यांदा अगदी साधी गोष्ट केली. प्रत्येक सर्व्हरवरच्या एका व्हीएममधून (व्हर्च्युअल मशीनमधून) मोठी फाइल स्टोरेजवर कॉपी करून वेग पाहिला. एका सर्व्हरवरून सेकंदाला १०८ एमबी. दुसऱ्यावरून ११.

हा ११ चा आकडा डोक्यात ठेवा. गिगाबिटची लाइन कागदावर सेकंदाला १२५ एमबी देते, प्रत्यक्षात ११० च्या आसपास. शंभर मेगाबिटची लाइन देते साडेअकरा-बाराच्या खाली. नेमके ११ दिसले, तेही वरखाली न होता, की स्टोरेजला शिव्या घालण्याआधी लाइन किती वेगाने जोडली गेलीय ते बघायचं. लिनक्सवर इथटूल नावाचा प्रोग्राम ते एका ओळीत सांगतो. त्याने सांगितलं: १००. डेटाबेसचं व्हीएम याच सर्व्हरवर होतं.

तांब्याच्या केबलवर गिगाबिटला तारांच्या चारही जोड्या लागतात, शंभर मेगाबिटला दोनच. निळी किंवा चॉकलेटी जोडी कुठे तुटली, नाहीतर तिचा संपर्क कच्चा झाला, की बहुतेक कार्डं गिगाबिटचा प्रयत्न करतात, जमत नाही म्हटल्यावर मुकाट शंभरवर उतरतात आणि काम चालू ठेवतात. कुठे लाल दिवा नाही, कुठे एरर नाही. स्विचवरचा दिवा मात्र हिरव्याऐवजी पिवळा होता. त्या मॉडेलवर त्याचा अर्थ शंभर मेगाबिट. तो पिवळा दिवा महिनाभर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता.

पॅच कॉर्ड (छोटी जोडकेबल) बदलली, फरक नाही. मग पॅच पॅनल (केबली येऊन बसतात ती पट्टी) पुढे ओढलं. रॅक पश्चिमेच्या खिडकीखाली, एसी संध्याकाळी बंद होतो, आणि रात्री कोणीतरी हवा खेळावी म्हणून खिडकीची फट ठेवतं. पॅनलच्या मागच्या बाजूला, जिथे तारा दाबून बसवतात, तिथे चिमट्यांवर हिरवट पावडर धरली होती. टॉर्च मारून पाहिलं तर निळ्या जोडीच्या एका तारेभोवतीचा चिमटा जवळपास खाल्लेला. बोटाने हलवली तर तार हातात आली. शेजारी उभे असलेले शिपाई काका मूळचे मालवणचे. त्यांनी वाकून बघितलं आणि निकाल दिला, “खारो वारो लागलो, दुसरा काय!”

सोमवारी १२ तारखेला स्टोरेज आणि सर्व्हर यांच्यामधली पॅनलवरच्या सगळ्या जोडण्या बदलल्या. नवे जॅक, सोन्याचा जाड मुलामा असलेल्या पिनांच्या तयार पॅच कॉर्ड, आणि पंच टूल माझ्याकडे होतंच. सामानाचे ४,३०० रुपये. किनाऱ्यावर काम करणाऱ्यांनी हाताने क्रिंप केलेले स्वस्त कनेक्टर निदान सर्व्हरच्या रॅकमध्ये तरी वापरू नयेत असं माझं मत आहे. त्यांचा मुलामा इतका पातळ असतो की एक पावसाळा काढला तरी खूप.

त्यानंतर आयपर्फ या लाइनचा वेग मोजणाऱ्या प्रोग्रामने दोन्ही दिशांनी मोजलं: ९४१ मेगाबिट. गिगाबिटवर, नेहमीच्या १५०० बाइटच्या पाकिटांवर (डेटा ज्या तुकड्यांत जातो ते), हाच आकडा यायला हवा. दोन्ही दिशा मोजा, एका दिशेने चांगली आणि दुसरीकडून लंगडी अशी लाइनही मी पाहिलेली आहे. जंबो फ्रेमचा, म्हणजे ९००० बाइटची मोठी पाकिटं वापरण्याचा, विषय याच वेळी तपासून घेतला. तिन्ही डबे आणि स्विच सगळीकडे १५०० च होतं, तेव्हा तो तसाच ठेवला. ज्यांच्याकडे ९००० केलेलं असेल त्यांनी ८९७२ बाइटचं पिंग (पोहोचलं की उत्तर येणारा चाचणी संदेश), तुकडे करू नको या अटीसह, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पाठवून बघावं. मधे एक जरी उपकरण १५०० वर राहिलं असेल तर ते पिंग पोहोचत नाही, आणि एनएफएस अधूनमधून विनाकारण गोठतं.

फाइल कॉपी आता दोन्हीकडून ११० ने पळत होती. मॅडमनी चहा मागवला. १३ तारखेला डे-एंडला मी मुद्दाम थांबलो. घड्याळ लावलं. एक तास वीस मिनिटं.

म्हणजे जानेवारीत जे बिघडलं ते लाइनचं होतं. संध्याकाळी सातला सगळ्या मशीनचा बॅकअप सुरू व्हायचा, तो शंभरची लाइन पूर्ण भरून टाकायचा आणि डे-एंड त्यात अडकायचा. पण दिवाळीपासून जे सव्वा तासाच्या वर होतं त्याचं कारण अजून जागच्या जागी होतं. दोन वेगळे आजार एकमेकांवर बसले होते, आणि पहिला बरा झाल्यावरच दुसरा स्पष्ट दिसला.

इथून पुढचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण दहा गिगाबिटचं दरपत्रक इथेच निकालात निघालं. डे-एंड चालू असताना स्टोरेजच्या नेटवर्क कार्डाचा आलेख उघडून ठेवला. लाइनवरून सेकंदाला चार-पाच एमबी जात होते. ११० ची सोय असताना चार. लाइन रिकामी होती. ती दहापट रुंद केली असती तर दहापट रिकामी राहिली असती. त्याच वेळी डिस्कचं बघितलं तर सहाही डिस्क सतत कामात, आणि एकेका लिखाणाला ४० ते ६० मिलीसेकंद लागतायत.

वेग म्हणजे एकच गोष्ट नाही. एक असतो एकगठ्ठा माल किती जातो तो, आणि दुसरा असतो एक छोटी चिठ्ठी पाठवून तिची पोच यायला किती वेळ लागतो तो. फाइल कॉपीत पहिला दिसतो. डेटाबेस जगतो दुसऱ्यावर. प्रत्येक व्यवहार पक्का करताना डेटाबेस आपल्या लॉगमध्ये नोंद लिहितो आणि ‘डिस्कवर गेली’ असं उत्तर येईपर्यंत थांबून राहतो. जुन्या सर्व्हरमध्ये रेड कार्डावर (अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या कार्डावर) बॅटरीवाली कॅश होती, ती हे उत्तर जवळजवळ लगेच द्यायची. नव्या मांडणीत तीच विनंती व्हीएममधून सर्व्हरला, तिथून एनएफएसने स्टोरेजला आणि तिथून थेट फिरत्या डिस्कवर जात होती. ७२०० आरपीएमच्या डिस्कची एक फेरी ८.३३ मिलीसेकंदांची. हवी ती जागा डोक्याखाली यायला सरासरी अर्धी फेरी, शिवाय डोकं हलायचा वेळ वेगळा. आणि सहा डिस्क आहेत म्हणून सहापट काम होईल हा हिशेब रेडझेडला लागू नाही. लहान, विखुरलेल्या लिखाणाला सगळा गट मिळून साधारण एका डिस्कइतकाच चालतो.

हे मोजायला प्रॉक्समॉक्समध्येच पीव्हीईपर्फ नावाची कमांड आहे. तिला स्टोरेजचा फोल्डर दिला की सेकंदाला किती एफसिंक, म्हणजे ‘डिस्कवर गेलं’ अशा पोचा, होतात ते ती सांगते. तिच्या माहितीपानावरच लिहिलंय की हा आकडा २०० च्या वर हवा. आमचा आला ६२. मग एफआयओ या डिस्क तपासायच्या प्रोग्रामने चार केबीचं लिखाण, एका वेळी एक, प्रत्येकाची पोच घेऊन, असं करून पाहिलं. तिथेही साठच्या आसपास. खाती एकेचाळीस हजारांच्या घरात, डे-एंडला प्रत्येक खात्यामागे सहा-सात छोट्या नोंदी पक्क्या होतात. म्हणजे पावणेतीन लाखांच्या आसपास पोचपावत्या, सेकंदाला साठच्या दराने. भागाकार केला की ऐंशी मिनिटांच्या जवळ येतं. कागदावरचा आकडा आणि घड्याळातला आकडा इतका जुळल्यावर शंका फारशी उरली नाही, पण मॅडमसमोर भागाकार ठेवून लाखाची गोष्ट करता येत नाही.

म्हणून एक खात्री करून घेतली. कालच्या बॅकअपमधून डेटाबेसच्या व्हीएमची प्रत उठवली, नेटवर्कपासून तोडून, आणि स्टोरेजवर तिच्यासाठी वेगळा डेटासेट (झेडएफएसमधला स्वतंत्र कप्पा) केला. फक्त त्या डेटासेटवर झेडएफएसचं सिंक बंद केलं. मग लिखाण डिस्कवर जायच्या आधीच ‘गेलं’ असं उत्तर मिळतं. प्रतीवर डे-एंड चालवला. चौदा मिनिटं.

हे फोनवर व्हेंडरच्या माणसाला सांगितलं तर तो खूश. “मग झालं की! खऱ्या मशीनलाही तेच करा, पळेल. बरेच जण असंच चालवतात.” बरेच जण चालवतात हे खरं आहे. पण ही गोष्ट कारण ओळखण्यापुरती, प्रतीवर करायची. कायमची ठेवायची नाही. सिंक बंद असताना वीज गेली तर झेडएफएस स्वतः नीट उठतो, पण शेवटच्या काही सेकंदांत, साधारण पाच सेकंदांपर्यंतचं, ‘गेलं’ म्हणून सांगितलेलं लिखाण नाहीसं झालेलं असतं. पिग्मी एजंटने मिरकरवाड्यात पैसे घेतले, पावती छापली, ग्राहक घरी गेला, आणि नोंद मात्र कुठेच नाही. एनएफएसच्या बाजूला असिंक (लिखाणाआधीच पोच देणारं सेटिंग) लावलं तरी तोच धोका. कोकणात जूनमध्ये वीज कशी जाते हे ज्याला माहीत आहे त्याने हा पर्याय पैशाच्या मशीनसाठी विचारातही घेऊ नये. यूपीएस आहे ना, असं अकाउंटंट म्हणाले. यूपीएसची बॅटरी कधी बदलली होती ते विचारल्यावर विषय थांबला.

उरलेले पर्याय तीन. सगळ्या हार्ड डिस्क काढून एसएसडी (फिरते भाग नसलेल्या वेगवान डिस्क) घालायच्या: उत्तम, पण बजेटबाहेर. डेटाबेसचं व्हीएम सर्व्हरच्याच आतल्या एसएसडीवर आणायचं: स्वस्त, पण तो सर्व्हर मेला की डेटाबेस अडकला, मग ही सगळी मांडणी केली कशाला? तिसरा पर्याय एसलॉगचा. झेडएफएस तातडीचं लिखाण आधी आपल्या इंटेंट लॉगमध्ये टाकतो आणि नंतर दर काही सेकंदांनी एकत्र करून मूळ जागी नेतो. हा लॉग एरवी त्याच हार्ड डिस्कवर असतो, म्हणून सगळा उशीर. तो वेगळ्या, वेगवान एसएसडीवर ठेवता येतो, तोच एसलॉग. जागा अगदी थोडी लागते. गिगाबिटवरून पाच सेकंदांत येऊन येऊन सहाशे-सव्वासहाशे एमबी येणार.

एसएसडी मात्र साधी चालत नाही, आणि इथे दुकानदार हमखास चुकीचं देतात. वीज गेली तरी आतल्या कॅशमधला डेटा चिपवर उतरवायला पुरतील इतके कपॅसिटर असलेली, एंटरप्राइज वर्गातली एसएसडी लागते. मालाच्या माहितीपत्रकात पॉवर लॉस प्रोटेक्शन असं लिहिलेलं असतं. त्या कपॅसिटरच्या जोरावरच ती ‘लिहिलं’ असं लगेच आणि खरं सांगू शकते. घरगुती एसएसडी प्रत्येक पोचेला थांबते आणि एसलॉग म्हणून कधीकधी निराशाजनक हळू निघते. आरशासारख्या जोडीत (दोन्हींवर तेच लिखाण) दोन घ्यायच्या.

आता खरेदी. संस्थेच्या नियमात २५,००० रुपयांपर्यंतची खरेदी सचिव मंजूर करू शकतात, त्यावर मंडळाचा ठराव. तीन दरपत्रकं दोन्हींना लागतातच. रत्नागिरीत या प्रकारच्या एसएसडी कोणी ठेवत नाही. कोल्हापूर, पुणे आणि मुंबईत लॅमिंग्टन रोड अशी तीन दरपत्रकं मागवली. एकाने वापरलेल्या, निम्म्या किमतीत देऊ केल्या, पण संस्थेच्या जीएसटी नंबरावर पक्कं बिल मिळेना, म्हणून ते बाद. सर्वात कमी दर ११,२०० रुपयांचा, दोनचे २२,४००. सचिव साहेबांनी पेन काढलं, आणि अकाउंटंटनी जीएसटी मिळवला: २६,४३२. चौदाशे बत्तीस रुपयांनी विषय मंडळात गेला.

मंडळाची सभा १४ मार्चला. मॅडमनी मला दहा मिनिटं दिली होती. मी एकच कागद नेला. त्यावर चार आकडे: लाइनची क्षमता, डे-एंडच्या वेळी तिचा वापर, एफसिंकचा दर आणि प्रतीवरच्या चाचणीचा वेळ. एका संचालकांचा प्रश्न नेमका होता, “तीन लाखांचं काम सव्वीस हजारांत होणार असेल तर त्यांनी तीन लाख का सांगितले?” याचं उत्तर मी दिलं नाही, ते माझ्याकडे नव्हतंही. ठराव झाला.

माल मुंबईहून ट्रॅव्हल्सच्या गाडीने पाठवला. पार्सल हातखंब्याला पहाटे उतरतं, तिथे आपण उभं राहायचं, नाहीतर ते पुढे गोव्याला जातं. सही करून ताब्यात घेतलं आणि कपाटात ठेवलं, कारण मार्चएंड. २० मार्च ते एप्रिलचा पहिला आठवडा संपेपर्यंत सर्व्हरला कोणी हात लावायचा नाही हा मॅडमचा हुकूम, आणि तो बरोबर होता. त्या काळात स्टाफ रोज रात्री नऊ-साडेनऊपर्यंत बसला. सामान कपाटात असताना ते बघणं जड गेलं.

९ एप्रिल, गुढीपाडवा. मॅडम घरची गुढी उभारून दहाला आल्या. आधी बॅकअप, आणि बॅकअपमधून एक मशीन उठतंय याची खात्री. मग सगळी व्हीएम बंद. दोन्ही एसएसडी बसवल्या. जोडणीची कमांड देताना दोन गोष्टींची काळजी घ्या. डिस्कला एसडीए-एसडीबी अशा नावांनी न जोडता तिच्या मॉडेल आणि सिरियल नंबरवर आधारलेल्या आयडीने जोडा, कारण रीबूटनंतर ती छोटी नावं बदलू शकतात. आणि ‘झेडपूल ॲड’ लिहिल्यावर पूलच्या (सगळ्या डिस्क मिळून झालेल्या साठ्याच्या) नावापुढे ‘लॉग मिरर’ हे शब्द आहेत का ते दोनदा वाचा. ‘लॉग’ राहिलं तर झेडएफएस आधी एरर देऊन अडवतो, पण -f लावून रेटलं तर ती डिस्क लॉग म्हणून न घेता पूलचा भाग करून टाकतो, आणि रेडझेड असलेल्या पूलमधून ती नंतर काढता येत नाही. मी कमांड लिहून मॅडमना मोठ्याने वाचायला लावली. त्यांना झेडएफएस माहीत नाही, पण चेक वाचायची सवय आहे.

पीव्हीईपर्फ पुन्हा चालवलं: १,७०० च्या आसपास.

नंतर वीज घालवून बघितली. खरी व्हीएम बंदच होती. एका चाचणीच्या लिनक्स व्हीएममध्ये छोटा प्रोग्राम लावला. तो फाइलमध्ये ओळीने आकडे लिहितो, प्रत्येक आकडा पक्का झाल्याची पोच आली की तोच आकडा माझ्या लॅपटॉपवर दाखवतो. आधी सिंक बंद असलेल्या डेटासेटवर. आकडे पळायला लागले, आणि शिपाई काकांनी सर्व्हर आणि स्टोरेज, दोन्हींच्या वायरी एकदम उपटल्या. लॅपटॉपवर शेवटचा आकडा ९,२१४. सगळं पुन्हा उठवून फाइल उघडली तर ती ८,८७० ला संपत होती. मधल्या ३४४ नोंदी ‘पक्क्या झाल्या’ असं सांगून गेल्या होत्या. मग तेच एसलॉगवर, सिंक चालू ठेवून. वायरी उपटल्या, उठवलं, लॅपटॉपवरचा शेवटचा आकडा फाइलमध्ये होता. अकाउंटंट तोवर आले होते. यूपीएसच्या बॅटऱ्यांचं दरपत्रक त्यांनी त्याच आठवड्यात मागवलं. ही चाचणी सगळ्यांनी करावी असं मी म्हणणार नाही. बॅकअप तपासलेला नसेल तर अजिबात करू नका.

दुसऱ्या दिवशी, १० एप्रिलला, डे-एंड एकोणीस मिनिटांत झाला. सात वाजायच्या आत शटर खाली.

त्यानंतर किरकोळ कामं केली. डेटाबेसच्या व्हीएमची डिस्क जुन्या आयडीई पद्धतीने जोडलेली होती, ती व्हर्टआयओवर (खास व्हीएमसाठी केलेल्या वेगवान पद्धतीवर) आणली. विंडोजमध्ये हे करताना आधी एक जीबीची रिकामी डिस्क व्हर्टआयओवर जोडा, ड्रायव्हर बसवा, मगच मूळ डिस्क बदला, नाहीतर निळी स्क्रीन. यातून मिनिटभर वाचलं असेल. बॅकअपची वेळ सातवरून रात्री अकरावर नेली. रॅक खिडकीपासून हलवून आतल्या भिंतीला लावला, खिडकीची फट बंद केली, आणि एक छोटी स्क्रिप्ट ठेवली: कुठल्याही लाइनचा वेग १००० च्या खाली आला की मॅडमना आणि मला ईमेल. पावसाळ्यात तिने एकदा उठवलंही, दुसऱ्या सर्व्हरच्या कॉर्डसाठी. पाच मिनिटांचं काम होतं.

वॉरंटीचं काही झालं नाही. व्हेंडरला प्रत्येक बदलाआधी ईमेल गेलं होतं, त्यांनी पूर्ण मांडणीचा नवा नकाशा मागून घेतला आणि फाइलला लावला. माझं बिल मे महिन्याच्या सभेत पास झालं.

एक तक्रार मात्र शिल्लक आहे. सकाळी दहाला सहाही शाखा एकदम उघडतात तेव्हा जुनी स्टेटमेंट काढताना अजून थांबावं लागतं. ते वाचन आहे, लिखाण नाही. एसलॉगचा त्यात काही उपयोग होत नाही, तिथे स्टोरेजची रॅम कामाला येते. सध्या ३२ जीबी आहे आणि दहा ते साडेदहा या वेळात झेडएफएसच्या कॅशमध्ये न सापडणाऱ्या वाचनांचं प्रमाण बरंच वाढतं, हे दोन आठवड्यांच्या नोंदींत दिसलंय. ६४ जीबी करायची तीन दरपत्रकं मागवली आहेत. जीएसटी धरून २५,००० च्या आत बसतंय, त्यामुळे यावेळी सचिव साहेबांची सही पुरेल.